दुधाचा दात

पहिलटकरणीने माहेरी यावे, ही आपल्याकडची रीत. दुसऱ्या खेपेला सासरी झाले तरी चालते, पण तेव्हाही माहेरचे कुणीतरी जाऊन उभे राहतेच. आमची धाकटी अमेरिकेत ह्यूस्टनला. 2016 सालच्या दिवाळीच्या सुमारास तिचे दिवस भरत होते. आईचे गुडघे विमानात बसण्याच्या पलीकडे गेलेले. तेव्हा माहेरची मुखत्यारी माझ्याकडे आली. दिवाळीची सुटी, तिला जोडून साठवलेली रजा, आणि उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा मैत्रिणीच्या गळ्यात, अशी तजवीज करून मी निघाले. सामानात झबली, टोपडी, आईच्या जुन्या नऊवारीची दुपटी, खारकांची पूड आणि डिंकाचे लाडू होते. आळीवही होते, पण तिकडच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ते बी आहे असे ठरवून टोपलीत टाकले. ते बीच होते म्हणा. वाद घालण्याइतके माझे इंग्रजी चांगले नाही. आणि असते तरी आळिवाची खीर म्हणजे काय हे मी त्याला कुठल्या शब्दांत सांगणार?

अमेरिकेतली बहीण म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे मोठे घर, दोन मोटारी आणि संगणकापुढे बसणारे मेहुणे उभे राहतील. आमच्या मेहुण्यांची गोष्ट निराळी. त्यांची थोरली बहीण तिकडची नागरिक. तिने भावासाठी अर्ज केला 2002 साली; त्या वेळी मेहुण्यांचे लग्नही व्हायचे होते. रांग इतकी लांब, की नंबर लागेतो तेरा वर्षे गेली. मधल्या काळात लग्न झाले, मुलगा झाला, सहकारी बँकेतली नोकरी मुरली, आणि आता अमेरिकेचे नावही कुणी काढीनासे झाले तेव्हा पत्र आले. 2015 च्या उन्हाळ्यात तिघे ग्रीन कार्डावर तिकडे गेले. बँकेतला अधिकारी हिलक्रॉफ्ट रस्त्यावरच्या एका दुकानात हिशेब आणि गल्ला सांभाळू लागला. त्या भागाला 2010 पासून महात्मा गांधींचे नाव दिलेले आहे. मेहुणे हसून म्हणायचे, "ताई, गांधींच्या नावाच्या गावात उतरलो, तेव्हा साधेपणाने राहणे ओघानेच आले."

दुकान लहान. पन्नासांहून कमी नोकर असले तर मालकावर विमा उतरवण्याची सक्ती नाही, असा तिकडचा कायदा. स्वतःचा विमा स्वतः घेता येत होता आणि उत्पन्न कमी असल्यास सरकार त्यात भरही घालत होते. पण नव्याने आलेल्या माणसाने तो साठ दिवसांच्या आत घ्यावा लागे, नाहीतर वर्षातून एकदा दार उघडेल तेव्हा. पहिले साठ दिवस घर शोधण्यात गेले. मग दार उघडले तेव्हा, "आपल्याला काय धाड भरली आहे, पुढच्या वर्षी बघू," असे दोघांनी ठरवले. त्या हंगामाचे दार 31 जानेवारी 2016 ला बंद झाले आणि मार्चात धाकटीला कोरड्या उलट्या सुरू झाल्या.

हे सारे मला तिकडे गेल्यावर कळले. फोनवर तिचे एकच पालुपद असायचे, "इकडे सगळी सोय आहे गं." आईने ते वाक्य वाड्यातल्या सगळ्यांना सांगितले होते. मीही स्टाफरूममध्ये सांगितले होते.

मी पोचल्यानंतरच्या चौथ्या की पाचव्या रात्रीची गोष्ट. वेळेच्या फरकाने माझी झोप उडालेली. स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले, तर धाकटी ओट्याला टेकून उभी. उजवा गाल लाडू ठेवल्यासारखा फुगलेला, दाढेखाली लवंग, आणि डोळ्यांतून पाणी. आठवा महिना सरत आलेला. मी विचारले, "कधीपासून?" तिने तीन बोटे वर केली. मला वाटले तीन दिवस. तीन आठवडे झाले होते.

"उद्या दंतवैद्याकडे जाऊ," मी म्हटले.

"बाराशे डॉलर सांगतोय."

"पण तुझे ते कार्ड आहे ना? सगळी सोय आहे म्हणत होतीस?"

तेव्हा ती जे म्हणाली ते मला अजून जसेच्या तसे आठवते. "ताई, कार्ड माझ्यापुरते नाही. बाळापुरते आहे."

मला काही उमजेना. बाळ अजून तिच्या पोटात होते. पोटातल्या बाळाचा विमा आणि ज्या पोटात ते आहे त्या पोटाच्या मालकिणीचा नाही, हे कसे? दात पोटात नसतो, इतके शरीरशास्त्र मला कळते. पण एकाच रक्तावर दोघे जगतात हेही कळते. पुढच्या काही दिवसांत मी या प्रकरणाचा पिच्छाच पुरवला. वर्गात विभक्तिप्रत्यय शिकवणाऱ्या बाईला अमेरिकेचे कायदे काय कळणार, असे मेहुण्यांना वाटले असावे. पण कायदा म्हणजे तरी अखेर वाक्येच. कर्ता कोण आणि कर्म कोण एवढे सापडले की पुष्कळसा उलगडा होतो.

त्या देशात गरिबांसाठी मेडिकेड नावाची योजना 1965 पासून आहे. तिच्या खर्चात केंद्र आणि राज्य दोघांचा वाटा असतो. तिच्याखेरीज, मेडिकेडला जरा वर पडणाऱ्या पण विमा न परवडणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी 1997 साली दुसरी योजना निघाली. तिला चिप म्हणतात. पण त्याआधी, ऑगस्ट 1996 मध्ये, क्लिंटन यांच्या सहीने एक कायदा झाला होता. त्यात ठरले की यापुढे जे परदेशी लोक रीतसर परवाना घेऊन कायमचे राहायला येतील, त्यांना पहिली पाच वर्षे अशा योजनांचा लाभ नाही. चोरून आलेल्यांची ही गोष्ट नव्हे. तेरा वर्षे रांगेत उभे राहून, बोटांचे ठसे देऊन, पैसे भरून आलेल्यांची. कर पहिल्या दिवसापासून द्यायचा, आजारी मात्र पाच वर्षांनी पडायचे.

याच्या मागे काही युक्तिवाद नव्हता असे नाही. तुम्हाला ज्याने बोलावले त्याने तुमचा भार सोसावा, असा तो विचार. बोलावणाऱ्याला तसे प्रतिज्ञापत्रही लिहून द्यावे लागते: या माणसांना मी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नाच्या खाली जाऊ देणार नाही. मेहुण्यांच्या बहिणीने ते लिहून दिलेले होते. आपल्याकडेही मामाने पुण्यात शिकायला ठेवून घेतलेल्या भाच्याची फी मामाच भरतो. हे मला पटण्यासारखे वाटले. पण मामाने भाच्याच्या बायकोचे बाळंतपणही करावे, ते अमेरिकेतल्या इस्पितळात, आणि न जमल्यास सरकारने हात वर करावेत, इथे माझे पटणे थांबले.

2009 च्या फेब्रुवारीत ओबामांनी दुसऱ्या एका कायद्यावर सही केली. दोन वर्षांपूर्वी बुश यांनी अशीच विधेयके दोनदा नाकारली होती. या नव्या कायद्याने राज्यांना मुभा मिळाली, की वाटल्यास त्यांनी रीतसर आलेली मुले आणि गर्भवती यांना पाच वर्षे न थांबवता योजनेत घ्यावे. केंद्र आपला वाटा देईल. पैसा उभा केला सिगारेटवर कर वाढवून: पाकिटामागे 39 सेंट होता तो एक डॉलर एक सेंट केला. कुणा अनोळखी माणसाच्या धुरातून कुणा अनोळखी बाळाचे औषधपाणी निघावे, ही कल्पना मला मनापासून आवडली.

पण सगळी मेख त्या 'वाटल्यास' या शब्दात आहे. ज्या राज्यांना वाटले त्यांनी दोघांना घेतले. टेक्ससला मुलांपुरते वाटले, आयांपुरते वाटले नाही. म्हणून माझ्या सात वर्षांच्या भाच्याकडे कार्ड होते. धाकटीकडे, तिच्या स्वतःच्या नावाने म्हणावे तर, काहीच नव्हते.

मग ते बाळापुरते काय? तो 2002 सालचा नियम. त्याने गर्भालाच 'मूल' ठरवून चिपमध्ये घेण्याची वाट राज्यांना मोकळी करून दिली, आणि टेक्ससने 2007 पासून ती योजना चालवली. गर्भ कुठून परदेशातून आलेला नसतो, त्यामुळे त्याला पाच वर्षांची अट लागू होत नाही. अर्जात कुटुंबातली माणसे मोजताना त्याचेही डोके धरतात. धाकटीच्या घरी तीन माणसे होती, कागदावर चार. त्या चौथ्या माणसाच्या हक्काने तिची तपासणी होई, रक्त-लघवी पाहिली जाई, जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळत. बाळंतपणानंतर दोनदा तपासणी, की आईचा आणि योजनेचा संबंध संपला. आईचा हात मोडला, डोळे आले, दाढ किडली, तर तो तिचा खाजगी मामला.

आमच्या भाषेत 'पात्र' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक योग्य, लायक, दुसरा भांडे. वर्गात हा शब्द मी कितीदा तरी फळ्यावर लिहिला असेल. सुपात्री दान, पात्रता, अपात्र, ताम्रपात्र. पण त्या रात्री ओट्याशी उभ्या असलेल्या धाकटीकडे पाहताना हे दोन्ही अर्थ एकमेकांवर असे येऊन आपटले, की मला शब्दकोशाचाच राग आला. ती पात्र होती आणि पात्र नव्हती.

त्यातही एक गोष्ट मला फार लागली. त्याच आठवड्यात भाच्याला शाळेच्या परिचारिकेच्या सांगण्यावरून दंतवैद्याकडे नेले होते. त्याच्या एका दाढेला कीड लागली होती. दुधाची दाढ, आज ना उद्या पडणारी. तिच्यात चांदी भरून दिली. एक पैसा पडला नाही. 2009 च्या कायद्याने चिपमधल्या मुलांच्या दातांची जबाबदारी राज्यांवर टाकलेलीच आहे. तीही सहजासहजी आली नाही. 2007 मध्ये मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा दाढेतला पू मेंदूपर्यंत गेल्याने मरण पावला होता. त्याचे मेडिकेड मध्येच तुटले होते. त्यावरून देशभर गहजब झाला. ही हकीकत मी वाचली मात्र, आणि धाकटीचा सुजलेला गाल माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दुधाची दाढ भरून मिळते आणि आईची दाढ सडते! मी मेहुण्यांना हे बोलले. जरा जास्तच जोरात बोलले.

मेहुणे गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "ताई, हे कार्डसुद्धा मी तिला पाचव्या महिन्यापर्यंत काढू दिले नव्हते."

दुकानात येणाऱ्या कुणी जाणत्याने त्यांना सांगितले होते, की सरकारचा पैसा घेतलात तर पुढे नागरिकत्व विसरा. आणि ज्या बहिणीने प्रतिज्ञापत्र दिले तिच्याकडून सरकार तो पैसा वसूल करील. थोरल्या बहिणीच्या दारात आपल्यामुळे बिल जाणार, या कल्पनेनेच त्यांचा धीर सुटला होता. पाच महिने धाकटीने एकदाही डॉक्टरचे तोंड पाहिले नाही. शेवटी वस्तीतल्या आरोग्यकेंद्रातली एक मेक्सिकन बाई दुकानात आली, हिचे पोट पाहिले आणि मेहुण्यांना तिथेच फैलावर घेतले. ती बाई रोज असल्या घाबरलेल्या नवऱ्यांशी भांडत असावी. तिने सांगितले ते खरेच होते. ही भीती इतकी जुनी आणि पसरलेली, की 1999 साली तिकडच्या सरकारला लेखी खुलासा करावा लागला होता, की असल्या औषधोपचारामुळे कुणाला 'सरकारवर भार' धरणार नाही. आणि 2009 च्या कायद्यात तर स्पष्ट लिहिले आहे, की या मुलांच्या आणि गर्भवतींच्या खर्चाचे देणे प्रतिज्ञापत्र देणाऱ्याच्या अंगावर येणार नाही. पण खुलासे छापील असतात आणि अफवा आपल्या भाषेत येतात.

भीती हा एक भाग झाला. दुसरा भाग मेहुण्यांनी सांगितला नाही, मला कळला. कुणाचे मिंधे व्हायचे नाही, हे ज्या घरात आम्ही वाढलो त्याच घरात तेही वाढले होते. सरकारी दवाखान्यात गरिबांनी जायचे असते. आणि आपण कितीही गरीब असलो तरी 'गरीब' नसतो. आमच्या वडिलांनी मुलांच्या फीमाफीचा अर्ज केला तो आईला न सांगता, आणि आईला कळल्यावर दोन दिवस घरात कुणी बोलत नव्हते. तेव्हा मेहुण्यांना बोलण्याचा मला काय अधिकार?

अधिकाराचेच म्हणाल तर आणखी एक सांगून टाकते. आमच्या सोसायटीचा पहारेकरी नेपाळचा. 1950 च्या करारामुळे नेपाळची माणसे आपल्याकडे परवान्यावाचून राहू शकतात, काम करू शकतात. म्हणजे तीही रीतसर आलेलीच. मी ह्यूस्टनला जाण्याच्या आदल्या वर्षी त्याच्या बायकोला दिवस गेले होते. तिने नाव घालण्यासाठी कागद गोळा करीत किती हेलपाटे घातले, हे मला कामवालीकडून कळले होते. मी काय केले? दोन जुनी पातळे दिली, आणि एकदा वाटीभर शिरा. तिचे कार्ड कुठले, खर्च कोण करणार, हे विचारावेसे मला वाटले नाही. तिच्या दातांकडे तर मी पाहिलेही नसेल.

असो. दाढेचे पुढे काय झाले ते सांगते. त्याच मेक्सिकन बाईने वाट दाखवली. त्यांच्या केंद्रात मिळकत पाहून पैसे आकारतात. अशी केंद्रे तिकडे 1965 पासून निघाली आहेत. दाढ वाचवण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती, उपटण्याची होती. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला कुशीवर कलते बसवले, हिरडी बधिर केली आणि पाच मिनिटांत दाढ काढून ताटलीत ठेवली. पू पुष्कळ निघाला. "आणखी आठवडाभर थांबला असता तर?" असे मी विचारले, त्यावर त्यांनी खांदे उडवले. पैसे मी देऊ केले, मेहुण्यांनी दिले. मी आग्रह केला नाही. धाकटी घरी येऊन चौदा तास झोपली.

दिवाळी झाली. पाडव्याच्या दिवशी, 31 ऑक्टोबरला, तिकडे पोरे भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार गोळ्या मागतात. भाचा सांगाडा झाला होता. मी दार उघडून सांगाड्यांच्या आणि चेटकिणींच्या पिशव्यांत डिंकाचा एकेक लाडू टाकला. त्यांच्या आयांनी तो नंतर काय केला असेल, देव जाणे!

बाळंतपणासाठी धाकटीच्या हाती आधीच एक फॉर्म आला होता. तो इस्पितळात न्यायचा, डॉक्टरांनी भरून द्यायचा. त्यावर प्रसूतीला 'आपत्कालीन' म्हटले होते. नऊ महिने आधी तारीख दिलेली गोष्ट आपत्कालीन कशी? तर ज्यांना एरवी मेडिकेड मिळत नाही त्यांना निदान अचानक आलेल्या संकटात मिळावे, अशी 1996 च्या कायद्यातच एक फट ठेवलेली आहे. आणि त्या फटीतून अशा हजारो आया इस्पितळात शिरतात. प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईला दारातून परत पाठवता येत नाही, हे तिकडे 1986 पासून कायद्यानेच सांगितले आहे. म्हणजे कळा सुरू होईपर्यंत ती बाई सरकारला दिसत नाही, आणि कळा सुरू झाल्या की मोठ्या अक्षरांत दिसते.

भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी मुलगी झाली. सात पौंडांची, जावळ भरपूर, आणि गळा आमच्या आईचा. इस्पितळातल्या खोलीतला दूरदर्शन संच दिवसभर निवडणुकीच्या बातम्या सांगत होता आणि बाहेरून आलेल्या लोकांचे काय करावे यावर दोघे-चौघे हातवारे करीत होते. धाकटीने तो बंद करायला लावला. जन्मापासूनच मुलगी तिकडची नागरिक. तिला मेडिकेड वर्षभरासाठी आपोआप मिळाले. पंधरा दिवसांनी तिचे कार्ड पोस्टाने आले. तिने ते मुठीत धरले आणि तोंडात घातले. आईच्या दोन तपासण्यांपैकी एक झाली होती, एक राहिली होती.

त्याच सुमारास भाच्याची चांदी भरलेली दाढ पडली. उशीखाली ठेवली की परी येऊन पैसा देते, असे त्याला शाळेत सांगितलेले. रात्री मेहुण्यांनी उशीखाली एक डॉलर सरकवला. सकाळी त्याने आईला विचारले, "तुझी दाढ कुठे आहे? तिचा डॉलर मागितलास का?" धाकटी हसली. हसताना हात तोंडावर धरायची सवय तिला तेव्हापासून लागली, ती अजून आहे.

मी परत आले. आईने स्टेशनवरून घरी येईपर्यंतही दम धरला नाही, रिक्षातच विचारले, "खर्चाचे काय गं? सगळे कंपनीने केले ना?" मी म्हटले, "हो." आई 2021 साली गेली. वाड्यातल्या सगळ्यांना तिने ते सांगितले होते.

धाकटी आता तिकडची नागरिक आहे, विमाही आहे. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तिला फोनवर वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला. मधे ती बराच वेळ काही बोलली नाही, म्हणून मला वाटले रागावली. मग म्हणाली, "ताई, दाढ डाव्या बाजूची होती."